माटोळी २०२५ : बाबांच्या चौकटीच्या कामाच्या नोंदी

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी.

आज सुरुवात केली. चवथ २७ ऑगस्टला. हातात सात आठवडे, त्यातले माझे फक्त रविवार. पणजीच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या घरांचे नकाशे काढते, तिथं प्रत्येक कामाची वही ठेवायची सवय लागली आहे. तशीच ही वही.

काम असं: देवाच्या खोलीतली माटोळीची चौकट दुरुस्त करायची आणि बाबा बांधायचे तशी पुरी माटोळी बांधायची. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला पावसाळ्यात रानात आणि कुळागरात (नारळ-सुपारीच्या बागेत) जे जे पिकतं, फुलतं ते बांधतात. नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचे घड, तवशी (काकड्या), चिबूड, तोरिंग, आंबाडे आणि रानातली नाना फळं. मखरापेक्षा आमचा जीव माटोळीत.

बाबा गेल्या वर्षीच्या जानेवारीत गेले. सकाळी चहा घेऊन ओटीवर बसले होते, दहा मिनिटांत सगळं संपलं. त्या वर्षीच्या चवथीला पाच नारळ, आंब्याचे टाळे आणि केळ्यांचा एक घड एवढंच बांधलं. चौकट उघडीच दिसत होती. आरतीच्या वेळी वर बघवेना.

वर्षश्राद्ध झालं. यंदा पुरी बांधूया का, असं आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बघ."

मोजमाप: सहा फूट बाय चार फूट. माडीच्या (सुपारीच्या झाडाच्या) रिपा अकरा. दोन वाळवीनं खाल्ल्या, एक मधोमध तडकलेली. चार कोपऱ्यांना चार साखळ्या, वर तुळईला अडकवलेल्या.

१३ जुलै, रविवार.

चुलतभावाला बोलावून चौकट खाली उतरवली. साखळ्या घासलेटनं पुसल्या. त्यांच्यावर गंज आहेच, पण गंजाखाली तांबडी माती अजून चिकटून आहे. ती पुसायची नाही असं ठरवलं.

या साखळ्या बाबांच्या ट्रकच्या फाळक्याच्या आहेत.

बाबा खनिजाच्या ट्रकवर होते. आधी दुसऱ्यांच्या ट्रकवर ड्रायव्हर, मग २०१० साली कर्ज काढून स्वतःचा टिपर घेतला. पहाटे तीनला उठायचे, कारण खाणीवर रांगेत जितका आधी नंबर तितक्या ट्रिपा जास्त. खाणीवरून आमोणेच्या धक्क्यापर्यंत, तिथं खनिज बार्जमध्ये पडायचं आणि मांडवीतून मुरगाव बंदराकडे जायचं. ट्रक रिकामा करून परत रांगेत. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया तांबड्या, कानाच्या पाळ्या तांबड्या. विहिरीवर आई पाणी ओतायची आणि ते पाणी माडांच्या आळ्यात वाहत जायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे बाबा संध्याकाळी तांबडे होतात.

२०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. सरकारनं थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. ट्रक घेऊन दोन वर्षं झाली होती. साखळी, डिचोली, होंडा या गावांत कुठंही बघावं तर रस्त्याच्या कडेला ट्रक उभे आणि त्यांच्या चाकांखाली गवत. आमचा ट्रक फणसाखाली उभा होता. बाबा रोज सकाळी तो एकदा चालू करायचे, पाच मिनिटं इंजिनाचा आवाज ऐकायचे, बंद करायचे. मग सायकल काढून मिळेल त्या कामाला जायचे. कुणाच्या कुळागरात माडांना आळी करणं, गवंड्याच्या हाताखाली, रात्री एका गोदामावर पहारा. मी तेव्हा पॉलिटेक्निकला होते. माझी फी एकदाही उशिरा गेली नाही. ती कुठल्या रात्रीच्या पहाऱ्यातून गेली हे त्या वयात मी विचारलं नाही, आणि आता विचारायचं कुणाला.

२०१४ मध्ये बंदी उठली, पण आमच्याकडचं काम काही परतलं नाही. त्याच वर्षी ट्रक विकला. घेणारा यायच्या आधी बाबांनी फाळक्याच्या दोन साखळ्या सोडवून घेतल्या, त्या बदल्यात नव्या बसवून दिल्या. सोडवलेल्या मधोमध कापून चार केल्या. चौकट त्याआधी सुंभानं टांगलेली असायची. आई म्हणाली होती, "देवाच्या खोलीत ही कसली लोखंडं?" बाबा म्हणाले, "हिणें आमकां पोसलां." हिनं आपल्याला पोसलंय. पुढं कुणी काही बोललं नाही.

चारही साखळ्यांना तेल लावलं. वजन पेलायला भक्कम आहेत.

२० जुलै, रविवार.

शेजारच्या कुळागरात वाऱ्यानं पडलेली जुनी माडी मिळाली. सुतारकाकांनी उभी चिरून तीन रिपा काढून दिल्या, आतला भुसभुशीत गाभा तासून टाकला. मजुरी घेतली नाही. जुन्या आठ रिपा तशाच ठेवल्या. नव्या फिकट आणि जुन्या धुरानं काळ्या, असा फरक दिसतोय, दिसू दे.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी.

सुट्टी घेतली. हळदीच्या पानातल्या पातोळ्या झाल्या. वाफ घरभर होती तेव्हाच आईला घेऊन यादी करायला बसले.

खरी अडचण आज कळली. बाबांनी काही म्हणजे काहीच लिहून ठेवलेलं नाही. कुठलं फळ कुठं मिळतं, कधी काढायचं, सगळं त्यांच्या डोक्यात. आईला नावं आठवतात: कांगलां, घागऱ्यो, माट्टीची फळं, कवंडळ, नागुलकुडा, शेरवड, वागचबको, हरणं. पण जागा आठवत नाहीत, कारण ती कधी बरोबर गेली नाही. तिला पुरणाचं, खतखत्याचं आणि नेवऱ्यांचं बघायचं असायचं. मी जायचे, पण स्कूटरच्या पुढं उभी राहून. मला आठवतो तो वारा आणि बाबांच्या रेनकोटाचा वास. रस्ते आठवत नाहीत.

दादा बोटीवर आहे, त्याला फोन लावला. त्यानं तीन नावं सांगितली. मग म्हणाला, "कांगलां आणताना बाबा टोपीत घालायचे, नाही? चेपू नयेत म्हणून," आणि बराच वेळ लाइनवर फक्त समुद्राचा आवाज.

यादी सध्या एकेचाळीस. जागा माहीत असलेल्या सतरा.

३ ऑगस्ट, रविवार.

आजची नोंद लांबणार.

बाबांबरोबर ट्रकवर असलेल्या काकांना विचारलं, तुम्हाला काही ठाऊक आहे का. ते म्हणाले, "चल, गाडी काढ." साठी उलटलेली, गुडघे दुखतात, तरी पुढच्या सीटवर बसून त्यांनी मला खनिजाचा जुना रस्ता पुरा फिरवला. मला वाटलं होतं आपण रानात जाणार. काका मला बाबांच्या ट्रिपांच्या रस्त्यानं घेऊन गेले.

पहिल्याच वळणावर म्हणाले, "हांगा थांबय. तुजो बाबा हांगाच थांबतालो."

दरडीच्या कडेला एका झाडावर कांगलांची वेल चढलेली. मी या रस्त्यानं हजारदा गेले असेन.

काकांनी समजावलं ते असं. खाणीचा हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसात खाणकाम बंद, बार्जही बंद. म्हणजे माटोळीच्या दिवसांत ट्रक उभाच असायचा. पण बाकीचे आठ महिने रांगेत तास तास थांबावं लागायचं, आणि त्या थांबण्यात बाबा झाडं बघून ठेवायचे. बाकीचे पत्ते खेळायचे, बिड्या ओढायचे, झोपायचे. बाबा काचेतून बाहेर बघत बसायचे. माट्टी कुठली फळते (माट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष, पण प्रत्येक झाड रस्त्यावरून हात पुरेल इतकं खाली फळत नाही), कवंडळीची वेल कुठं वाळली आहे म्हणजे पावसात कुठं फुटेल, केवण कुठं माजलीय. उन्हाळ्यात धुळीनं सगळं एकाच रंगाचं झालेलं असताना त्यांना यातलं काय दिसत असेल, हे मला अजून नीट कळत नाही. मग श्रावणात स्कूटर घेऊन निघायचे आणि सरळ त्या झाडापाशी जाऊन उभे राहायचे.

"आम्ही त्याला म्हणायचो, तू खनिज वाहतोस की माटोळी," काका म्हणाले. "तो म्हणायचा, खनिज मालकाचं, माटोळी माझ्या पोरांची."

आठ महिने दिवसाला चौदा चौदा तास राबणारा माणूस त्या रांगेत बसून आमच्या चवथीची तयारी करत होता. मला वाटत होतं, माटोळी म्हणजे आठवड्याभराची हौस.

सात जागांवर थांबलो. दोन ठिकाणी झाडंच नाहीत, एका जागी रस्ता रुंद झालाय आणि एका जागी कुणाच्या तरी बंगल्याची भिंत. बाकीच्या पाच नकाशावर घातल्या, वळण, दरड, मोरी अशा खुणांसकट. गूगलवर खूण टाकणं सोपं होतं, पण कागदावर काढला. बाबांना माझे नकाशे उलगडून बघायला आवडायचं. काही कळत नाही म्हणायचे, पण कडेनं बोट फिरवायचे.

काकांना घरी सोडलं. उतरताना गाडीच्या दारावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. "तो आमच्याबरोबर कधी चहाला थांबला नाही," म्हणाले. "राग यायचा त्याचा. घरी सोडून कुठं जायचाच नाही."

जागा माहीत असलेल्या: बावीस.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी पौर्णिमा.

केवणीचे दोर करायला घेतले. (देशावर हिला मुरुडशेंग म्हणतात, पिळवटलेल्या शेंगांची.) फांद्या आणल्या, साल सोलली, वळचणीला वाळत टाकली. संध्याकाळी पीळ द्यायला गेले तर तुटतेय. वाया.

नायलॉनची दोरी घरात आहे. बाबांनी माटोळीला कधी लावली नाही. ती लावायची तर पुढचं काहीच करण्यात अर्थ नाही.

१० ऑगस्ट, रविवार.

चूक सापडली. मागच्या दारची आजी म्हणाली, वाळवतात कशाला, ओली असतानाच पीळ द्यायचा. जाड साल खरवडून काढायची, आतली तंतूंची पट्टी तेवढी ठेवायची, पाण्यात बुडवून पीळ द्यायचा आणि त्याच दिवशी गाठ मारून बघायची. नव्या फांद्या आणल्या. चाळीस दोर झाले, प्रत्येकी दीड हात. बोटं हिरवी आणि सोलवटलेली. नारळ टांगून बघितला, धरतोय.

१७ ऑगस्ट, रविवार.

कांगलां अजून मिरीएवढी. लवकर गेले.

परत येताना म्हादई अभयारण्याच्या बाजूनं जाण्याचा मोह झाला, तिकडं रान दाट आहे. पण ते १९९९ मध्ये अभयारण्य झालं तेव्हापासून बाबा तिथलं पानही तोडत नसत. त्यांचा दुसरा नियम झाडाला अर्धं ठेवायचा. घोसाला हात घालताच मागून ऐकू यायचं, "सगळें काडूं नाका गो. झाडाक फाल्यांय जाय." सगळं काढू नका, झाडाला उद्याही हवं. आज वेल धरली तेव्हा मी मागं वळून बघितलं.

२४ ऑगस्ट, रविवार.

पहाटे पाचला निघालो, मी आणि चुलतभाऊ. पाऊस असा की वायपर हरला. पण मिळालं. कांगलां आता छान भरलीत (टोपीत आणली), माट्टीच्या पंखांच्या फळांच्या तीन डहाळ्या, नागुलकुड्याची जोडफळं, शेरवडाची पांढरी पानं, आंबाडे. वागचबको एकाच कुंपणावर मिळालं, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं. हे सगळं झाड विषारी. बाबा ते हातात घेतल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय आम्हाला पाणीसुद्धा पिऊ देत नसत. चुलतभावाचे हात मी दोनदा धुवायला लावले.

दुपारी दारात एक मुलगा, दहावीतला. हातात घागऱ्यांची जुडी आणि प्लास्टिकच्या पिशवीत दोन कवंडळं, लालभडक. ट्रक विकल्यावर बाबा शाळेच्या बालरथावर ड्रायव्हर झाले, शेवटपर्यंत तेच काम. हा मुलगा पहिलीपासून त्यांच्या बसमध्ये होता.

"मामांना मी दर वर्षी आणून द्यायचो," म्हणाला. "गेल्या वर्षी आणली होती, पण दारावरून परत गेलो."

आईनं त्याला बसवलं, नेवऱ्या दिल्या. तो सांगत होता, मामा बस चालवताना झाडांची नावं विचारायचे, आणि बरोबर सांगेल त्याला पुढची सीट. पावसात शेवटच्या मुलाच्या घरात दिवा लागल्याशिवाय बस वळवायचे नाहीत. आई ऐकत होती. घागऱ्यांची जुडी तिनं कानाशी नेऊन हलवून बघितली. अजून हिरव्या आहेत, वाजत नाहीत.

२५ ऑगस्ट, सोमवार.

साखळी गावचा बाजार. मिळालं नाही ते विकत घेतलं: चिबूड, तोरिंग, हरणं, तवशी दोन. रानातल्या बायका सुपाऐवजी केळीच्या पानावर वाटे मांडून बसल्या होत्या. एकीनं विचारलं, "यंदा तूं?" आणि आंबाड्यांचा घोस जास्तीचा घातला. बाबांना ती ओळखत होती की नुसता अंदाज, विचारायला धीर झाला नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार. तय (तृतीया).

सकाळी आईची हरतालिकेची पूजा. दुपारी तीनपासून बांधायला घेतलं.

एकूण बावन्न जिन्नस. बाबांचे साठाच्या वर असायचे.

नारळांची पेंड (घोस) मधोमध, मग केळ्यांचा घड, मग कडेला सुपारीचे घोस. पाचपर्यंत निम्मं झालं आणि चौकट तिरकी व्हायला लागली. उजवीकडचं सोडून डावीकडे बांधलं, तर डावीकडे कलली. वजनं करून बघितली. कागदावर चौकोन आखून आकडेमोड केली, दिवसभर हेच करते मी. तरी जमेना. फुलं मलूल व्हायला लागली. सात वाजले. शिडीवर उभी राहून मला रडू फुटलं. बाबा एकटे दोन तासांत हे कसं करायचे.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. उंबऱ्यावर, दाराच्या उजव्या चौकटीला खांदा लावून उभी राहिली, आणि वर बघत म्हणाली, "दाव्यान मातशें सकयल गेलां." डावीकडे जरा खाली गेलंय.

मी बघतच राहिले.

"तवशें कोपऱ्याक व्हर. ना, तें ना, व्हडलें."

मी तवसं कोपऱ्यात नेलं. मग तिच्या सांगण्यावरून चिबूड आत घेतला, सुपारीचा एक घोस साखळीच्या अगदी जवळ बांधला. अर्ध्या तासात चौकट सरळ झाली. मग तिनंच सांगितलं. बाबा वर बांधायचे आणि ती खालून बघायची. दर वर्षी, याच जागेवरून, लग्नानंतरच्या पहिल्या चवथीपासून. ते प्रत्येक गाठीनंतर विचारायचे, "सरळ आसा मगो?" आम्ही मुलं तोवर झोपलेली असायचो किंवा मागच्या दारी फटाके मोजत असायचो. आम्ही फक्त बांधून झालेली माटोळी बघितली.

"मला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हणाले.

"तूं विचारिनासतना कशें सांगूं?" म्हणाली. "तो विचारतालो."

त्यानंतर प्रत्येक गाठीला मी विचारलं.

रात्री पावणेदहाला शेवटची कांगलां बांधली. बाबा बांधून झालं की माटोळीखालच्या गार जमिनीवर आडवे व्हायचे आणि तिथंच झोपी जायचे. आई त्यांना उठवत नसे, नुसती चादर घालायची. आज तिनं तिथं चटई पसरली, मला म्हणाली, झोप. पाठ टेकली आणि वर बघितलं. खालून ती नुसती चौकट वाटत नाही. तांबड्या मातीच्या साखळ्यांना लटकलेलं सगळं रान हळूहळू हलत होतं.

२७ ऑगस्ट, बुधवार. चवथ.

गणपती आला. आरतीला घुमट चुलतभावानं वाजवलं. दादानं बोटीवरून व्हिडिओ कॉल केला. मी फोन वर धरून त्याला माटोळी दाखवली. तो म्हणाला, "जरा थांबव." थांबवला.

काम नाही, नोंद एवढीच.

२८ ऑगस्ट, गुरुवार.

नवें झालं, शेतातली नवी कणसं देवाला आणि दाराला बांधली. संध्याकाळी दीड दिवसांचं विसर्जन.

३१ ऑगस्ट, रविवार.

माटोळी उतरवली. नारळ वाटले: सुतारकाका, मागच्या दारची आजी, ट्रकवाले काका, त्या मुलाचं घर. आंबाड्यांचं आईनं सासम केलं. चौकट पुसून परत टांगली. साखळ्या पुसल्या नाहीत.

राहिलेलं आणि पुढच्या वर्षीसाठी:

कांगलां चवथीच्या तीन दिवस आधीच काढायची, त्याआधी जायचं नाही. केवण ओलीच पिळायची. दोर साठ लागतात, चाळीस पुरले नाहीत. यादीतल्या एकोणीस जागा अजून सापडायच्या आहेत, काका म्हणतात ऑक्टोबरात धूळ बसली की पुन्हा एक चक्कर मारू. भिंतीआड गेलेल्या वेलीचं बी मिळालं तर आमच्या दरडीवर लावायचं. आईची जागा नकाशात घातली आहे: उंबरा, उजवी बाजू.